दूरस्थ अध्यापन आणि प्रत्युत्तराचा प्रश्न

विद्यापीठीय अध्यापकाला ऑनलाइन अध्यापनाचे प्रशिक्षण द्यायचे म्हणजे नेमके काय द्यायचे, हा प्रश्न वरकरणी प्रशासकीय वाटला, तरी त्याच्या मुळाशी ज्ञानमीमांसेतला, म्हणजे ज्ञान कसे होते व ते प्रमाण कशाने ठरते याची चिकित्सा करणाऱ्या शाखेतला, एक जुना वाद आहे. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिसाचा लेखनावर आक्षेप असा की, लिखित मजकुराला काहीही विचारले तरी तो तेच ते सांगत राहतो आणि कोणापाशी बोलावे, कोणापाशी मौन धरावे, हे त्याला उमगत नाही. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानालाही हा आक्षेप लागू पडतो.

अमेरिकन तत्त्वज्ञ ह्यूबर्ट ड्रायफस यांनी २००१ सालच्या ‘ऑन द इंटरनेट’ या पुस्तकात त्यापुढे जाऊन, दूरस्थ विद्यार्थी कामापुरती क्षमता मिळवतो, पण प्रावीण्यापर्यंत पोहोचत नाही, कारण इतरांदेखत चुकण्याची जोखीम त्याच्या वाट्याला येत नाही, असे प्रतिपादन केले. (त्यांचीच बर्कले येथील व्याख्याने पुढे ध्वनिमुद्रित रूपात दूरवरच्या श्रोत्यांनी आवडीने ऐकली, हे मात्र नमूद करायला हवे.) याविरुद्ध महाभारताच्या आदिपर्वातील एकलव्याचा दाखला दिला जातो, परंतु द्रोणांची मृण्मय प्रतिमा एकलव्याला काही सांगत नव्हती, त्याची चूक दाखवीत होते ते लक्ष्य, कारण चुकलेला बाण आपण चुकलो हे स्वतःच सांगतो. ज्या विद्येत असे लक्ष्य असते, तेथे गुरू दूर असला तरी चालते. नीतिशास्त्राच्या निबंधातील युक्तिवाद फसला, हे मात्र तो युक्तिवाद सांगत नाही. ते सांगायला दुसरा विचार करणारा माणूसच लागतो, मग तो समोर बसलेला असो वा शेकडो कोसांवर. तेव्हा ड्रायफस ज्याला देहाचे सान्निध्य म्हणतात, त्यातील सारभूत अंश प्रत्युत्तराचा आहे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

भारत सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या ‘स्वयं’ या मंचावरील अभ्यासक्रमांची चार अंगे मानली जातात: चित्रफीत, वाचनसाहित्य, चर्चापीठ आणि मूल्यमापन. यांपैकी चौथे अंग बऱ्याच अंशी लक्ष्याचे काम करते, तर सॉक्रेटिसाच्या आक्षेपाला उत्तर देण्याची शक्यता केवळ तिसऱ्यात आहे. प्रशिक्षण कॅमेरा, प्रकाशयोजना आणि संगणकीय साधने यांभोवतीच घोटाळत राहिले, तर ते पहिल्या अंगाचेच होते. खरे शिकवायचे ते हे की, आपल्या विषयातील कोणती चूक यंत्राने तपासलेल्या प्रश्नावलीवर सोपवता येते आणि कोणत्या चुकीला स्वतः लिहून उत्तर द्यावे लागते. हा विवेक विषयागणिक बदलत असल्याने, सर्व विद्याशाखांसाठी एकच प्रशिक्षणवर्ग घेण्याची सोयीस्कर प्रथा येथे अपुरी पडते. शिवाय असे उत्तर लिहिण्याचा वेळ अध्यापकाच्या कार्यभारात धरला जात नसेल आणि मदतीला सहायक दिले जात नसतील, तर उत्तम प्रशिक्षित अध्यापकही सत्राच्या मध्यावर चर्चापीठ वाऱ्यावर सोडून देईल, आणि त्याचा दोष त्याच्या निष्ठेला देता येणार नाही.