कळू नये म्हणून

‘मी पाहिले नाही’ या उत्तरावर आपले धर्मशास्त्र सहजासहजी समाधान मानीत नाही. देवारीम या पाचव्या पुस्तकात एक विधी सांगितला आहे. रानात कोणाचे प्रेत सापडले आणि मारेकरी कळला नाही, तर अंतर मोजून सर्वांत जवळचे गाव ठरवावयाचे. त्या गावच्या वडीलधाऱ्यांनी ओढ्याकाठी कालवडीची मान मोडून तिच्यावर हात धुवावयाचे, आणि हे रक्त आपण सांडले नाही व सांडताना पाहिलेही नाही, असे जाहीर करावयाचे. मिश्नाकारांस प्रश्न पडला की, अशा थोरांवर खुनाचा संशय घेणार कोण? त्यांनी उलगडा केला तो असा : हा माणूस आमच्या दारी आला असता त्यास आम्ही उपाशी वा सोबतीवाचून जाऊ दिले नाही, एवढे त्यांनी सांगावयाचे. म्हणजे न पाहण्याचाही जाब द्यावा लागतो.

हा विधी आठवण्याचे कारण अलीकडचे आहे. कोविडच्या साथीत २४ सप्टेंबर २०२० रोजी इंग्लंड व वेल्समध्ये सरकारी आरोग्यसेवेने मोबाईल फोनवरील एक ॲप सुरू केले. दोन फोन जवळ आले की ते ब्लूटूथने एकमेकांना सांकेतिक खुणा देत. पुढे त्यांतील एकाचा मालक आजारी ठरला आणि त्याने तसे ॲपला कळविले, तर दुसऱ्याच्या फोनवर घरी थांबण्याची सूचना येई. सूचना कोणामुळे आली हे त्यास कळत नसे. त्यास ती आली हे सरकारलाही कळत नसे. आरोग्यखात्याच्या माणसाने दूरध्वनीवरून घरी राहण्यास सांगितले तर कायद्याने ते बंधनकारक होते. ॲपची सूचना मात्र केवळ सल्ला होती. ती पाळावयाची की नाही, हे माणूस आणि त्याचा परमेश्वर यांच्यातच राहिले.

जुलै २०२१ मध्ये एका आठवड्यात अशा ६ लाखांहून अधिक सूचना गेल्या. दुकाने व कारखाने माणसांवाचून अडले आणि वर्तमानपत्रांनी या प्रकारास ‘पिंगडेमिक’ असे नाव दिले. तेव्हा अनेकांनी सोपा मार्ग काढला. सूचना येऊन ती मोडण्यापेक्षा त्यांनी ॲपच काढून टाकले.

आमचा प्रश्न या मंडळींविषयी आहे. सूचना मिळूनही जो बाहेर पडला, तो चुकला हे कोणीही म्हणेल. पण ज्याने सूचना येण्याची वाटच बंद केली, तो म्हणतो, ‘मी काय मोडले? मला तर काही कळलेच नाही.’ आमच्या मते त्याचे हे म्हणणे टिकत नाही. ज्याच्याकडे तसा फोनच नव्हता, त्यास कोणी दोष देणार नाही. परंतु दिवा नसणे वेगळे आणि हातातला दिवा फुंकून टाकणे वेगळे. पहिल्याने मनाचा कौल ऐकला व डावलला. दुसऱ्याने मनाला बोलूच दिले नाही. पहिल्याला निदान पश्चात्तापाची वाट मोकळी आहे. दुसरा पश्चात्ताप कशाचा करणार?

यंत्र चुकत होते, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यामुळेही सूचना येऊ शकत असे. पण जीव वाचविण्याच्या बाबतीत नुसता संशयदेखील शब्बाथ मोडण्यास पुरेसा आहे, असे आपले शास्त्र सांगते. मग चार दिवसांची गैरसोय सोसण्यास तो का पुरू नये? या ॲपमुळे पहिल्या वर्षात सुमारे १० लाख लागणी व ९,६०० मृत्यू टळले, असा अंदाज ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केला. ज्यांनी सूचना पाळली त्यांना आपण कोणाचा जीव वाचविला हे कधीच कळणार नाही. गुप्तदान ते हेच.

तरीही सर्व भार एकट्या माणसावर टाकणे न्यायाचे नाही. रोजंदारीवर पोट असणाऱ्याला घरी बसणे म्हणजे चूल विझविणे. अल्प उत्पन्नाच्या लोकांस घरी थांबण्यासाठी ५०० पौंडांची मदत होती. पण ॲपवरून सूचना मिळालेल्यांस इंग्लंडमध्ये ती प्रथम मिळत नसे. डिसेंबर २०२० मध्ये ती सोय झाली. येथे मिश्नाकारांचे बोलणे पुन्हा ऐकावे. ज्याला आपण उपाशी धाडले, त्याने डोळे मिटले तर हात धुण्याचा अधिकार गावालाही उरत नाही.

आपल्या समाजाला हा विचार नवा नाही. कोकणात आपल्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. त्यांच्यावर पहारा ठेवणारा रब्बी नव्हता, न्यायसभा नव्हती, जवळ ग्रंथही नव्हते. शनिवारी तेल गाळले असते तर विचारणारे कोणी नव्हते. आज कोणता वार आहे हे विसरून जाणेही त्यांना सोपे होते. ते विसरले नाहीत, म्हणून आज आपण आहोत.

कोविडचे ते ॲप २७ एप्रिल २०२३ रोजी बंद झाले. प्रश्न बंद झाला नाही. इंग्लंडमध्ये आता तपासण्यांचे निकाल आणि दवाखान्याचे निरोप एनएचएस ॲपवर येतात, आणि ते न उघडता ठेवणारेही आहेत. स्वतःपुरती गोष्ट असेल तर तो ज्याचा त्याचा विचार. पण ज्या निरोपात दुसऱ्याचा जीव गुंतला आहे, तो निरोप ऐकण्यासाठी कान उघडे ठेवणे हा आम्ही धर्माचाच भाग मानतो.