आनंदी हे नाव

(बारशाला चार दिवस उरले असताना, कलेक्टर कचेरीत हयात घालवलेले सासरे आणि त्यांची सून यांच्यात झालेला संवाद.)

मामंजी : सूनबाई, माझ्या मातोश्रींचे नाव नातीला ठेवावे हा तुझा मनोदय मला सुखावतो, परंतु शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसांनी 'आनंदी' म्हटले, की ऐकणाऱ्याला १७७३ सालचा नारायणरावांचा खून आणि 'ध'चा 'मा' हीच हकीकत आठवणार, आणि शाळेतली पोरे त्या अजाण मुलीला त्यावरून छळणार, हे कसे विसरावे?

सूनबाई : मामंजी, ती आख्यायिका. रामशास्त्र्यांनी ज्यांना दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितले ते रघुनाथराव. तरी मुलाचे नाव रघुनाथ ठेवताना कोणाचे मन कचरत नाही. आपल्याच भावकीत दोन रघुनाथ आहेत. निवाडा ज्यांच्यावर झाला त्यांचे नाव निष्कलंक राहिले आणि दंतकथेने जिला गोवले तिचे मात्र बाटले, हा अन्याय मला सोसवत नाही.

मामंजी : रघुनाथ हे प्रभू रामचंद्रांचे नाव, त्याला तो आधार आहे. कैकेयी, मंथरा या नावांना दुसरा धनीच लाभला नाही, म्हणून ती कोणी ठेवीत नाही.

सूनबाई : आनंदीला तर धनी पुष्कळ लाभले! कल्याणची यमुना लग्नानंतर आनंदी झाली आणि १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टरीची पदवी घेती झाली. १८९३ साली अण्णा कर्व्यांनी पुण्यात गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा त्या विधवा वधूलाही आनंदी हेच नाव मिळाले. विवाहात नवे नाव निवडण्याची पूर्ण मुभा होती आणि पुण्याला पेशवाईचा विसरही पडलेला नव्हता.

मामंजी : तथापि एकीच्या कीर्तीतून दुसरीची अपकीर्ती वजा करण्याचा हा जमाखर्च मला मान्य नाही. नाव आपण ठेवतो, वागवावे तिला लागते. तिची संमती घेण्याची सोय नाही. एखाद्या नावाची वकिली करण्यासाठी का मूल जन्माला येते?

सूनबाई : नाही, आणि डॉक्टरीणबाईंच्या कीर्तीचे ओझेही मला तिच्यावर घालायचे नाही. सासूबाईंनी मला आजेसासूबाईंची वही दाखवली होती : बाळंतशेप, वावडिंग, सुंठ यांची प्रमाणे, समासात गल्लीतल्या बाळंतिणींच्या तिथी आणि पहिल्या पानावर वळणदार बाळबोध अक्षरांत 'आनंदी'. मध्यरात्री त्यांना हाक मारायला आलेल्या कोणत्या बाईला पेशवीण आठवली असेल? मला हव्या आहेत त्या ह्या आनंदी.

मामंजी : आणि पोरांचे चिडवणे?

सूनबाई : ते चुकणार नाही. म्हणून नारायणरावांची ती हकीकत, खरी किती आणि रचलेली किती यासह, परक्याच्या तोंडून कळण्यापूर्वी मीच तिला सांगेन.

मामंजी : तर मग माझी हरकत संपली. लोकापवादाच्या भयाने मी स्वतःच्या आईचे नाव टाळू पाहत होतो, हे मला शोभणारे नव्हते. मुलीच्या आत्याला आजच कळव : कानात आनंदी हेच नाव सांगायचे, आणि म्युनिसिपालटीच्या जन्मनोंदीतही तेच जाईल.