घरासाठी घराबाहेर

आपल्या भाषेत संसार करणाऱ्या पुरुषास ‘गृहस्थ’ म्हणतात. शब्दाची फोड केली तर जो घरात राहतो तो गृहस्थ, एवढाच अर्थ निघतो. ब्रह्मचारी, वानप्रस्थ आणि संन्यासी या तिघांच्याही पोषणाचा भार धर्मशास्त्रकारांनी ज्याच्या खांद्यावर टाकला, तो हाच मनुष्य. आणि त्याचे स्थान घर, ही गोष्ट त्यांस उघडच वाटली असावी. परंतु ज्याला संसार चालविण्यासाठीच महिन्यातील वीस-पंचवीस दिवस संसाराबाहेर काढावे लागतात, त्यास गृहस्थ म्हणावे की नाही? आणि त्याच्यामागे घर राखणारी जी पत्नी, तिच्या वाट्यास आलेला संसार पुरा म्हणावा की अपुरा? लांब पल्ल्याचा ट्रक चालविणाऱ्यांच्या घरांकडे पाहिले म्हणजे हा प्रश्न केवळ शब्दाचा राहत नाही.

तो रिद्धपूरच्या संदर्भात विचारण्यास विशेष औचित्य आहे. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील हे गाव महानुभाव पंथाचे महास्थान होय. गोविंदप्रभूंचे वास्तव्य येथे होते, म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’ची जुळणी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथेच केली, आणि मराठी भाषेचे विद्यापीठही अलीकडे येथेच स्थापन झाले आहे. चरित्रातील कथेप्रमाणे चक्रधरस्वामी भडोचचे प्रधानपुत्र. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते घरातून निघाले, वाटेत रिद्धपुरास त्यांची गोविंदप्रभूंशी भेट झाली, आणि पुढे त्यांनी त्या घराचा संबंध कायमचा सोडला. आपल्या अनुयायांसही त्यांनी अटनाचा, म्हणजे कोठेही मूळ न धरता हिंडत राहण्याचा, उपदेश केला. संबंध तुटावेत म्हणून वाट धरावयाची, हे त्या अटनाचे मर्म.

त्याच परिसरातून आज दुसऱ्या प्रकारचे अटन चालते. मोर्शी-वरूडचा मुलूख संत्र्यांचा. आंबिया किंवा मृग बहार उतरला की ट्रकच्या ट्रक भरतात आणि दिल्ली-कलकत्त्याच्या वाटेस लागतात. या वाटा हजार किलोमीटरांहून लांब आहेत. त्यांवरून जाणारा मनुष्य संबंध तुटावेत म्हणून हिंडत नाही. ते टिकावेत, घरची चूल पेटावी, मुलांची फी भरली जावी, म्हणून हिंडतो. एकाच गावच्या वाटेने गेलेले हे दोन प्रवासी. पहिल्याच्या त्यागाचे मोल आपण सातशे वर्षे जाणतो, दुसऱ्याच्या त्यागास आपण त्याग हे नावही देत नाही.

विरहाचे काव्यही आपणास परके नाही. कालिदासाचा यक्ष ज्या रामगिरीवर वर्षभर झुरत राहिला, ते स्थान पुष्कळ विद्वान विदर्भातील रामटेक हेच मानतात. पण यक्षाचा विरह हा दंड होता. तो आपल्या कामात चुकला, म्हणून पत्नीपासून दूर झाला. ट्रकचालक दूर होतो तो काम चुकवीत नाही म्हणून! दंडाच्या विरहास अवधी असतो, वर्ष सरले की शाप सरतो. कर्तव्याच्या विरहास असा अवधी नाही. एक खेप संपते तोच दुसरीची बिल्टी हाती पडते.

रिद्धपूरच्या अशा एका घरची हकिगत मला त्या घरच्या गृहिणीकडून समजली. तिचा पती तीन वर्षे क्लीनर होता. ताडपत्री बांधणे, दोर आवळणे, चाके ठोकून हवा पाहणे, गाडी मागे घेताना हाळी देणे, ही त्याची उमेदवारी. मग हलक्या वाहनाचा परवाना, आणि त्यास वर्ष झाल्यावर अवजड वाहनाचा; कायद्याचा क्रमही असाच आहे. चालक म्हणून पहिली खेप कलकत्त्याची मिळाली तेव्हा तिने तीन दिवस पुरतील इतक्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. “दशम्या संपल्या का माहा हात संपला,” असे ती म्हणाली. त्यापुढचे अन्न ढाब्याचे, पाणी परक्याचे, आणि झोप मिळेल तेव्हाची.

प्रथम त्यास भय वाटत होते ते घाटाचे आणि मोठ्या शहरांतील गर्दीचे. ते भय दोन-चार खेपांत ओसरले. खरा त्रास निघाला तो रात्री दोनपासून पाचपर्यंतच्या वेळेचा, आणि माल उतरविण्यासाठी बाजारात तिष्ठत राहण्याच्या दिवसांचा, ज्यांची मजुरी कोणी धरीत नाही. इकडे तिचाही अनुभव नवा होता. मुलाच्या तापात दवाखाना कोणता, बियाणे उधार घ्यावे की थांबावे, हे निर्णय तिचे तिलाच घ्यावे लागू लागले. तो परतला म्हणजे पहिला सबंध दिवस झोपून काढी, आणि ती मुलांस अंगणात गप्प बसवी. धाकटी मुलगी त्यास पाहून दाराआड लपली, हे सांगताना ती हसली. पण त्या हसण्यात सुख नव्हते. घराच्या वाट्यास त्याची मिळकत आली आणि त्याची झोप आली. जागा असलेला मनुष्य रस्त्याच्या वाट्यास गेला.

आरंभीच्या महिन्यांत ती फोनवर एकच विचारीत असे: “कवा येता?” एका खेपेस पहाटेच्या सुमारास त्याचा डोळा लागला आणि गाडी रस्ता सोडून कडेच्या मातीत उतरली. कोणास इजा झाली नाही. त्याने ते घरी आल्यावर सांगितले, आणि तेव्हापासून तिचा प्रश्न बदलला. आता ती विचारते: “निजले काय तुमी?”

नीतिशास्त्राच्या दृष्टीने हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. संत्रे हे नाजूक फळ. वाटेत एक रात्र अधिक गेली की खालच्या थरातला माल दबतो, नासू लागतो, आणि बाजारात भाव पडतो. चालकाने वेळेवर पोचण्याचे वचन दिलेले असते. ते मोडले तर भाड्यात कपात, आणि कपात म्हणजे घरात उणे. उलट ते पाळण्यासाठी तो जागाच राहिला, तर त्याच्या तारवटलेल्या डोळ्यांपुढे जे कोणी रस्त्यावर येतील त्यांचे प्राण पणास लागतात. त्या अनोळखी लोकांस त्याने कसलेही वचन दिलेले नाही. तथापि त्यांचे ऋण मालकाच्या ऋणाहून मोठे आहे. कारण माल नासला तर त्याची भरपाई होते, माणसाची होत नाही. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील किती निद्रेने मेली हे कोण सांगणार? निजलेला चालक पुष्कळदा साक्ष देण्यास उरत नाही.

म्हणून चालकाची झोप ही त्याची खासगी चैन नव्हे. ती इतरांची ठेव आहे. ‘कवा येता’ या प्रश्नात पत्नीचे प्रेम आहे, पण त्यात त्वराही आहे. ‘निजले काय’ या प्रश्नात तेच प्रेम परक्यांपर्यंत पोचले आहे. आणि हा प्रश्न तिला फुकट पडत नाही. तो निजला की उशिरा पोचतो, उशिरा पोचला की महिन्यात एक खेप कमी होते. ज्या घरास त्या पैशाची सर्वांत अधिक गरज, तेच घर आपल्या पदरचे टाकून रस्त्यावरील अनोळखी माणसास सुरक्षितता पुरविते.

यावर कोणी म्हणेल की, हा धंदा त्याने आपखुशीने पत्करला. कोणी बळजबरी केली नाही. आक्षेप वरवर खरा आहे. पण निवड स्वतंत्र होती एवढ्याने तिचा सगळा बोजा निवडणाराच्याच शिरी टाकता येत नाही. ज्यांस त्या निवडीचा लाभ होतो त्यांचाही त्यात वाटा असतो. माणसास केवळ साधन म्हणून वापरू नये, हे कांटचे वचन आपण महाविद्यालयात शिकवितो. मग जो मनुष्य आपल्या दाराशी फळ आणि धान्य आणतो, त्याच्या डोळ्यांचा विचार आपण गाडीच्या दिव्यांइतकाच करतो की अधिक, हे स्वतःस विचारले पाहिजे.

कायद्याने हा विचार केला नाही असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे काम ८ तास आणि आठवड्याचे ४८ तास ठरविले, लांब पल्ल्यास थोडी अधिक सवलत ठेविली, आणि ५ तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. परंतु तो लागू होता ५ किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्या धंद्यास. एक-दोन ट्रकांचा मालक त्यातून सुटला. २०२५ साली त्याची जागा नव्या कामगारसंहितेने घेतली. त्याच वर्षी नव्या ट्रकांच्या केबिनीत वातानुकूलनही सक्तीचे झाले. वऱ्हाडचा उन्हाळा ज्याने सोसला आहे त्यास त्याचे मोल सांगावयास नको. पण नियम कितीही चांगला असला तरी रात्री तीन वाजता केबिनीत तो एकटा चालकच असतो.

आपल्याच भागातले एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरांचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घालण्यात आला, आणि तो जागतिक विक्रम ठरला. काम रात्रंदिवस चालले, पण मजूर पाळीपाळीने बदलत गेले. रस्ता करताना आपणास पाळीचे तत्त्व सुचले; त्याच रस्त्यावरून मुक्कामास पोचणाराच्या बाबतीत ते का सुचू नये? मधल्या ठाण्यावर चालक बदलावा आणि पहिल्याने परतीची गाडी घेऊन घरी यावे, ही जुन्या डाकेच्या घोड्यांसारखी पद्धत आपल्या देशातही करून पाहिली गेली आहे. ती अशक्य नाही. तिला खर्च लागतो, आणि तो खर्च देण्याची आपली तयारी आहे की नाही, एवढाच प्रश्न.

२०२४ च्या आरंभी ट्रकचालकांनी संप केला. अपघातानंतर वर्दी न देता पळून जाणारास दहा वर्षांपर्यंत कैद, या नव्या कलमास त्यांचा विरोध होता. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि एरवी नजरेस न पडणाऱ्या या माणसाची आपणास दोन दिवस आठवण झाली. पळून जाणे निंद्य खरे. पण थांबले तर जमाव मारील हे भयही खोटे नाही. या दोन्ही बाजूंचा अनुभव एकाच आयुष्यात घेतलेली एक स्त्री आहे. नंदुरबारात वाढलेल्या आणि भोपाळास नांदलेल्या योगिता रघुवंशी या कायद्याच्या पदवीधर. २००३ साली पतीचे निधन झाल्यावर त्यांनी वाहतुकीचा धंदा हाती घेतला; नोकरीस ठेवलेला चालक अपघात करून पळाला, तेव्हा त्या स्वतः चाकामागे बसल्या आणि मुलांस घरी ठेवून देशभर ट्रक चालवू लागल्या. वाट पाहणे हा स्त्रीचा आणि वाट चालणे हा पुरुषाचा स्वभाव, या समजुतीत फारसा अर्थ नाही, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते. कोणी चालले तरी घरात एक जागा रिकामी होते, आणि तिचे दुःख तेच असते.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मी असे देईन. जो घरासाठी घराबाहेर राहतो तो गृहस्थच. त्याची अनुपस्थिती हाच त्याच्या गृहधर्माचा आचार आहे. त्याची पत्नीही अपुऱ्या संसाराची धनीण नव्हे. त्या संसाराचा विवेक तिच्यापाशी आहे. परंतु हा धर्म त्या दोघांनी एकट्याने पुरा करावा, असे म्हणण्याचा आपणास अधिकार नाही. माल उद्याच्या उद्या हवा हा हट्ट आपला, त्या हट्टाची किंमत मात्र त्यांच्या झोपेतून वसूल होते. फळ एक दिवस उशिरा आले, चार पैसे महाग पडले, तर ते आपण सोसावे. जो प्रश्न ती गृहिणी एकटी विचारीत असते, तो माल मागविणाऱ्या व्यापाऱ्याने, ट्रकच्या मालकाने आणि आपणही विचारू लागलो, तर तिला महिन्याची एक खेप गमवावी लागणार नाही.