भंगारातली अमानत

कुर्ला, साकीनाका, धारावीच्या भंगार गाळ्यांत आपली बरीच माणसे राबतात. कागद, पत्रा, लोखंड हा जुना माल; कॉम्प्युटर मागाहून आला. हार्ड डिस्क हाती पडली की दोन वाटा असतात. फोडली तर ॲल्युमिनियमचे कवच, सर्किट बोर्ड आणि आतले जबर लोहचुंबक वेगवेगळ्या भावाने जातात. चालू असली तर अख्खी विकलेली बरी, कारण वजनापेक्षा जास्त पैसे येतात. यात गैर काहीच नाही. टाकाऊतून रोजी काढणे हा इज्जतीचा धंदा आहे. त्याला नाक मुरडणाऱ्यांच्या घरचा कचराही हेच हात उचलतात.

प्रश्न आतल्या मजकुराचा आहे. काट्यावर डिस्कचे वजन होते, तिच्यातल्या फोटोंचे, हिशेबांचे, दवाखान्याच्या कागदांचे होत नाही. विकणाऱ्याला वाटते, आपण सगळे पुसून दिले. पण फाइल डिलीट केली की डिस्क साधारणपणे फक्त तिचा पत्ता विसरते. त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर तसाच असतो. अमेरिकेत एमआयटीच्या दोन संशोधकांनी १५८ जुन्या डिस्क विकत घेऊन तपासल्या. २००३ साली त्यांनी निष्कर्ष छापले : चालू निघालेल्या १२९ पैकी फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या, आणि बाकीच्यांत ५,००० हून जास्त क्रेडिट कार्डांचे नंबर सापडले.

मग हा मजकूर कोणाचा? काही जण म्हणतील, लॉट विकत घेतला, आत निघेल ते आमचे. आम्हाला हे पटत नाही. जुन्या कोटाच्या खिशात पाकीट राहून गेले, तर कोटाबरोबर पाकीटही विकले गेले असे कोणी मानत नाही. सापडलेल्या वस्तूला फिकहमध्ये 'लुकता' म्हणतात. पुकारा करावा, धनी शोधावा असा दंडक आहे. इथे मात्र पेच पडतो. धनी शोधायचा तर डिस्क उघडून पाहावी लागते, आणि दुसऱ्याच्या खाजगीत डोकावणे सूरह हुजुरातने मना केले आहे. शिवाय पाकीट परत दिले की प्रश्न मिटतो. मजकूर परत दिला तरी पाहणाऱ्याच्या डोक्यात, कदाचित त्याच्या मशीनवरही, राहतो. म्हणून न पाहता पुसणे हीच वाट उरते. त्यात एखाद्या बेवा बाईच्या नवऱ्याचे शेवटचे फोटोही जातील. ते नुकसान खरे आहे, पण त्याची वेळ आधीची : माल घेतानाच विचारायचे, "बाजी, यातलं काही ठेवायचंय का?"

पुसण्याचा खर्च कोणी सोसायचा? ५०० जीबीची डिस्क पूर्ण पुसायला दीड-दोन तास सहज जातात. वीज, मशीन, माणूस लागतो. किलोवर मजुरी घेणाऱ्या पोराने तो वेळ आपल्या पोटातून काढावा, हे काही न्यायाचे नाही. त्यापेक्षा फोडणे झटपट, पण लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी पुष्कळदा काचेची असते. हातोडा बसला की तुकडे डोळ्यांकडे उडतात. आमच्या मते पहिला भार लॉट विकणाऱ्या कार्यालयांवर आहे. अमानत त्यांच्याकडे आधी होती. २०२२ मध्ये अमेरिकेत मॉर्गन स्टॅन्लीला याच हयगयीपायी ३.५ कोटी डॉलरचा दंड झाला. जुनी यंत्रे त्यांनी या कामाचा अनुभव नसलेल्या सामानवाहकांच्या हवाली केली होती.

आणि गाळेवाल्याने पुसून दिलेल्या डिस्कचे चार पैसे जास्त मागितले, तर तो त्याच्या मेहनतीचा हक आहे. गिऱ्हाईक अजून तरी बहुधा एवढेच विचारते : चालू आहे का, आणि किती जीबी?