शिडी कुणी धरायची?



रोहिणी नक्षत्र लागले की आपल्या भंडारा जिल्ह्यात घरोघरी भिंतींना शिड्या टेकतात. वानरांनी फोडलेली कवेलू बदलायची आणि मृगाच्या आत सारे उरकायचे.

मागल्या वर्षी आम्हीही निवासाच्या छपरावर एकटेच चढलो. समोर दोन तरुण बसले होते. हाक मारावीशी वाटली, पण एवढ्याशा कामासाठी कुणाला त्रास द्यावा, म्हणून गप्प राहिलो. वासा वाळवीने खाल्लेला निघाला. चार कवेलूंच्या जागी चाळीस फुटली आणि आमचा हात महिनाभर गळ्यात! मनुष्य हा समाजशील प्राणी आहे, हे अ‍ॅरिस्टॉटलचे म्हणणे आम्ही सेमिनरीत पाठ केले होते. शिडीवर ते आठवले नाही.

त्यांपैकी एक तरुण दवाखान्यात आला तो रागावूनच. म्हणाला, "फादर, आमच्या घरी मयत झाली तेव्हा तुम्ही रात्रभर बसलात. आम्ही तुमची शिडीही धरायची नाही का?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. जिला आम्ही नम्रता समजत होतो, ती नम्रता नव्हतीच. देणारे आम्ही आणि घेणारे तुम्ही, असा तो हिशेब होता.

आपल्या हाताने घर दुरुस्त करणे चांगलेच आहे. नहेम्याच्या ग्रंथातील तिसरा अध्याय सवडीने वाचा. नावांची यादी म्हणून आपण तो ओलांडून जातो. येरुशलेमचा पडलेला तट बांधताना अनेकांनी आपापल्या घरासमोरचा भाग घेतला. पण प्रत्येकाच्या शेजारी दुसरा कुणीतरी उभा होता. त्यांत सोनार होते, याजक होते, शल्लूमच्या मुलीही होत्या. 52 दिवसांत तट उभा राहिला. तकोवाच्या सरदारांनी मात्र मान वाकवली नाही, अशीही नोंद तेथे आहे.

2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचा पूर घरांत शिरला, तेव्हा चिखल काढायला शेजाऱ्याला बोलावताना लाज वाटली नाही. छप्पर गळते तेव्हाच का वाटते?

प्रभू येशू स्वतः सुतार. लाकूड उचलण्याची त्यांना सवय. तरी कालवारीच्या वाटेवर कुरेनेकर शिमोनाने त्यांचा क्रूस वाहिला, आणि प्रभूंनी तो वाहू दिला.

निवासाचा मागचा वासा अजून बदलायचा आहे. आज मिस्सानंतर दोघे-तिघे थांबाल का? शिडी आमच्याकडे आहे.