सिस्टर विचारतात तेव्हा

रेडिओथेरपीचे यंत्र सुरू होण्याआधी खोलीतले सगळे बाहेर पडतात. तंत्रज्ञ, डॉक्टर, हात धरून घेऊन आलेला मुलगा, कुणीही आत थांबत नाही. जाड दार लागते आणि रुग्ण एकटा उरतो. तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग असेल तर चेहऱ्यावर त्याच्याच मापाचा जाळीदार मुखवटा असतो, तोही टेबलाला पक्का अडकवलेला. काही मिनिटांत काम होते. त्या वेळी दुखत नाही, भाजतही नाही. सोमवार ते शुक्रवार, सहा-सात आठवडे हाच क्रम. लोक त्याला 'शेक' म्हणतात, 'लाईट' म्हणतात.

सोसायचे असते ते उरलेल्या दिवसात. परळच्या टाटा रुग्णालयात शेक घेणारा माणूस नंतर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जातो, डोंबिवलीत मेहुण्याच्या एका खोलीत जातो, कधी रुग्णालयाबाहेरच्या पदपथावरच अंथरूण टाकतो. तिथे त्याचे काय होते, हे यंत्राला कळत नाही. केसपेपरवरही ते फारसे उमटत नाही. विभागातल्या अनुभवी सिस्टरना ते विचारून काढावे लागते. आजच्या चिंतनाचा विषय हे विचारणेच आहे, कारण माझ्या मते रुग्णालयातले ते सर्वांत अवघड नैतिक काम आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलवटते. चव जाते, लाळ आटते, भाकरीचा तुकडा काचेसारखा टोचतो. माणूस खाणे सोडतो आणि ते सांगत नाही, कारण डॉक्टर नाकातून नळी घालतील ही भीती. वजन उतरले की पहिल्या दिवशी घडवलेला मुखवटा सैल पडतो. मुखवटा सैल म्हणजे डोके हलणार, किरणांचा नेम चुकणार. म्हणून वजनकाट्यावर आकडा घसरलेला दिसला की सिस्टर 'जेवता ना?' असे विचारत नाहीत. त्याला उत्तर ठरलेले असते. त्या विचारतात, 'काका, काल रात्री काय खाल्लं?' मग हळूहळू बाहेर येते: चहात बुडवलेले एक बिस्किट. आणि त्याच्यामागचे कारणही, कधी जखमा, कधी संपलेले पैसे. कारण कळले की मग मीठ-सोड्याच्या गुळण्या, गिळण्याआधी घ्यायचे दुखण्याचे औषध, पातळ पेज, नाहीतर समाजसेवा विभागाला निरोप.

तंबाखूचेही तसेच. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगामागे पुडी आणि मशेरी किती मोठ्या प्रमाणावर आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. रुग्णालाही ते ठाऊक असते. तो आतून पुरता शरमलेला असतो. त्याला चारचौघांत झापले तर सवय सुटत नाही, ती फक्त लपते. रागावण्याचा अधिकार असूनही जी व्यक्ती खालच्या आवाजात 'अजून लागते का?' एवढेच विचारते, तिलाच खरे उत्तर मिळते. हा सौम्यपणा स्वभावातून येतो असे आपण समजतो. मला तो वर्षानुवर्षांच्या अभ्यासातून आलेला निर्णय वाटतो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची बाई तर आणखी गप्प. बाहेरचे आणि आतले मिळून सगळे किरणोपचार आठ आठवड्यांच्या आत पुरे व्हावेत असा दंडक आहे. मध्ये खंड पडला की वाचलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. पण पेरणी येते, दिराचे लग्न येते, घरी लहान मूल तापाने फणफणते, आणि ती दोन दिवस येत नाही. शिवाय उपचारानंतर योनीमार्ग आक्रसू शकतो. त्यासाठी काय करायचे, नवऱ्याशी संबंध पुन्हा कधी ठेवता येतील, दुखले तर काय, हे तिला कळायला हवे. नवरा शेजारी उभा असताना ती तोंड उघडणार नाही. तेव्हा एखादी ज्येष्ठ सिस्टर त्याला फाइलवर शिक्का आणायला खिडकीवर पाठवते आणि दार ओढून घेते. त्या शिक्क्याची तेव्हा घाई नसते. यात थोडी लपवाछपवी आहे, आणि तरीही मी तिच्याच बाजूने आहे. त्या बाईचे शरीर तिचे आहे. त्याविषयी बोलायला मिळालेली ती दहा मिनिटे तिच्या हक्काची आहेत.

घरी परतल्यावर अशी बाई कधी ताट वेगळे ठेवते, नातवाला जवळ घेत नाही. आपल्या अंगातून किरण बाहेर पडत असतील अशी तिची समजूत. बाहेरून दिलेले किरण यंत्र बंद होताच संपतात, शरीरात काही उरत नाही. एका वाक्याचे ज्ञान आहे हे, पण ते न मिळाल्याने कितीतरी आज्या उगीच दूर बसून राहतात.

सगळ्यात कठीण बोलणे शेवटच्या दिवशीचे. रुग्ण सुटल्याच्या आनंदात असतो, मुलगा पेढे आणतो. आणि खरे असे आहे की शेक संपल्यानंतरही एक-दोन आठवडे त्रास वाढतो, मग हळूहळू उतरतो. हे आधी सांगितले नाही तर गावी गेल्यावर घरच्यांना वाटते, आजार उलटला. मग कुणी जळलेल्या कातडीवर हळद लावतो, कुणी भलतीच औषधे सुरू करतो. 'आता काही होणार नाही' हे वाक्य गोड आहे आणि खोटे आहे. पेढा हातात घेऊन 'दादा, पुढचे पंधरा दिवस जड जातील, घाबरू नका' असे सांगणाऱ्या सिस्टर मला खऱ्या अर्थाने दयाळू वाटतात.

12 मे रोजी, परिचारिका दिनाला, आपण सेवाभावाचे गोडवे गातो. त्या कौतुकात एक अन्याय दडलेला आहे. सेवाभाव म्हटले की ज्ञानाची किंमत मोजावी लागत नाही. भारतीय परिचर्या परिषदेने कर्करोग परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आखला आहे. तो करून, त्यावर अनुभव चढवून तयार झालेल्या परिचारिकेची बदली पाळी आली म्हणून दुसऱ्या वॉर्डात होत असेल, तर नव्याने आलेल्या सिस्टरना तोच 'काल रात्री काय खाल्लं' पुन्हा शिकावा लागतो, आणि तो शिकेपर्यंत रुग्णांची वजने उतरत राहतात. या सिस्टरना विभागात टिकू द्यावे. बोलायला दार बंद होणारी एक खोली द्यावी. आणि शेवटच्या शेकानंतर जळगावहून, सोलापुरातून येणारे फोन घेणे त्यांच्या ड्युटीच्या तासांत मोजावे; जेवणाच्या सुट्टीत, स्वतःच्या मोबाइलवर करायचे ते काम नव्हे.