रौप्यपदकाचा कात्रजचा घाट

2014 च्या फुटबॉल विश्वचषकात उपांत्य सामना हरल्यावर नेदरलँड्सचे प्रशिक्षक लुई व्हॅन गाल यांनी जाहीरपणे सांगून टाकले, की तिसऱ्या क्रमांकाचा सामना मुळात खेळवूच नये. हे आपण कित्येक वर्षे सांगत आलो आहोत, असेही ते म्हणाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: महिनाभर उत्तम खेळलेला संघ ओळीने दोन सामने हरून पराभूत म्हणून घरी जाऊ शकतो, आणि हा अन्याय आहे. पुढे त्यांच्याच संघाने यजमान ब्राझीलला 3-0 हरवून तिसरा क्रमांक घेतला, ही त्यातली गंमत. आपल्याकडे हा वाद हॉकीत शिरला तो मात्र वेगळा वेष घेऊन. ऑगस्ट 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या कांस्यपदकासाठी जर्मनीविरुद्ध 1-3 असे मागे पडूनही भारताने 5-4 असा विजय मिळवला. पॅरिसला 8 ऑगस्ट 2024 रोजी स्पेनला 2-1 हरवून पुन्हा कांस्यपदक आणले. त्यावर लगेच ठरलेला शेरा आला: आठ सुवर्णपदके जिंकणारा देश आता हरलेल्यांच्या सामन्यावर नाचतो! असे म्हणणाऱ्यांची पुण्यात कधी टंचाई नसते. शहर पेठांमधून निघून कात्रजच्याही पलीकडे पसरले, पण खेळाडूने काय कमावले यापेक्षा काय गमावले ते मोजण्याची आपली सवय शहराच्या पुढेच धावली.

या दोन तक्रारी एकसारख्या दिसतात, प्रत्यक्षात त्या एकमेकींना छेद देतात. व्हॅन गाल म्हणतात हा सामना क्रूर आहे. आपले टीकाकार म्हणतात तो क्षुल्लक आहे. जी गोष्ट क्षुल्लक आहे तिच्यातल्या पराभवाने कोणी कोलमडत नाही, आणि जिच्यातल्या पराभवाने कोलमडतो ती क्षुल्लक नसते. दोन्ही आक्षेप एकाच दमात घेता येत नाहीत. ज्याला जो हवा त्याने तो निवडावा.

क्षुल्लकपणाचा पुरावा मात्र आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. 2018 च्या भुवनेश्वर विश्वचषकात इंग्लंड उपांत्य फेरीत बेल्जियमकडून 0-6 हरले आणि तिसऱ्या क्रमांकासाठी ऑस्ट्रेलियाकडून 1-8. ज्यांचा जीव आधीच्या सामन्यात गेला होता त्यांचा तो पुन्हा घेण्यात आला. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर 2017 मध्ये, त्याच भुवनेश्वरला हॉकी वर्ल्ड लीगच्या अंतिम टप्प्यात जर्मनीच्या संघात आजारपण असे पसरले, की भारताविरुद्धच्या कांस्यपदकाच्या सामन्यात त्यांना राखीव गोलरक्षक मार्क आपेल याला आघाडीच्या फळीत उतरवावे लागले. या गृहस्थाने गोलही केला! भारत 2-1 जिंकला, पदक मिळाले. पण ज्या सामन्यात गोलरक्षक आघाडीवर खेळतो आणि बरोबरी साधून देतो, त्याला कोणता दर्जा द्यायचा हा प्रश्न रास्तच आहे.

याला सोपे उत्तर असे, की पणाला काही लागलेले असेल तर तिसरा क्रमांकही जीवघेणा होतो. जानेवारी 2024 मध्ये रांचीला महिलांची ऑलिंपिक पात्रता स्पर्धा झाली. पॅरिसची तिकिटे तीन होती. अंतिम फेरी गाठलेल्या जर्मनी आणि अमेरिकेची दोन पक्की झाली होती, तिसरे भारत-जपान सामन्यातून मिळायचे होते. आदल्याच दिवशी शूटआउटमध्ये जर्मनीकडून हरलेला भारत हा सामना 0-1 ने गमावून बसला आणि पॅरिसला गेलाच नाही. त्याच सुमारास मस्कतला पुरुषांच्या पात्रता स्पर्धेत न्यूझीलंडने पाकिस्तानला 3-2 हरवले आणि ऑलिंपिक हॉकीत तीन सुवर्णपदके मिळवलेला तो देश घरी बसला. रांचीत त्या दिवशी अंतिम सामना हीच औपचारिकता होती. दोन्ही संघांची तिकिटे आधीच खिशात होती, आणि शहराचे डोळे लागले होते ते तिसऱ्या क्रमांकाकडे.

पण या उत्तरावर मी स्वतःच समाधानी नाही. तिकीट लावले म्हणून सामना महत्त्वाचा झाला, यातून तिकिटाचे महत्त्व सिद्ध होते, सामन्याचे नाही. उद्या सातव्या क्रमांकाला तिकीट लावा, सातव्या क्रमांकाचा सामनाही रंगेल. मग तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत तिची स्वतःची अशी काही किंमत आहे का? की पदक आणि तिकीट काढून घेतले तर उरतात ती फक्त दोन थकलेल्या संघांची साठ मिनिटे?

इथे वाटून घेण्याचा पर्याय पुढे येतो. मुष्टियुद्धात उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्य मिळते. टोकियोला लव्हलिना बोर्गोहाईंला तसेच मिळाले. तिथे कारण समजण्यासारखे आहे. डोक्यावर ठोसे खाल्लेल्या माणसाला दोन दिवसांत पुन्हा रिंगणात उतरवू नये. हॉकीपटूच्या बाबतीत हे कारण लागू नाही. कुस्तीचे उदाहरण तर वाटून घेणाऱ्यांच्या विरोधातच जाते. कात्रजच्या मामासाहेब मोहोळ कुस्ती संकुलात मॅटवर घाम गाळणाऱ्या कुठल्याही पोराला रेपेचाज ठाऊक असतो: अंतिम फेरीतल्या पैलवानांकडून जे हरले त्यांना पुन्हा वाट मिळते, आणि शेवटी दोन कांस्यपदके दिली जात असली तरी दोन्ही कुस्ती जिंकूनच घ्यावी लागतात. पॅरिसला अमन सेहरावत उपांत्य फेरीत हरला आणि दुसऱ्या दिवशी लढून पदक घेऊन आला. बसल्या जागी त्याला कोणी काही आणून दिले नाही.

तरीही ‘शेवटची लढत जिंकली म्हणून कांस्याला मान’ असा नियम करायला गेलो तर वाटेत खाशाबा जाधव उभे राहतात. 1952 साली हेलसिंकीत गोळेश्वरच्या या पैलवानाने स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले, तेव्हा कांस्यासाठी वेगळी कुस्ती नव्हती. दंडगुणांची बेरीज होऊन पैलवान बाद होत, आणि खाशाबांच्या अखेरच्या टप्प्यातल्या सोव्हिएत आणि जपानी प्रतिस्पर्ध्यांविरुद्धच्या कुस्त्या हरलेल्या होत्या. त्या पदकाला हलके म्हणणारा मराठी माणूस अजून जन्मायचा आहे. दुसरे टोक पाहायचे तर 1932 चे लॉस एंजेलिस. हॉकीत संघ आले तीनच. अमेरिका जपानकडून 2-9 आणि भारताकडून 1-24 हरली आणि एकही सामना न जिंकता कांस्यपदक गळ्यात घालून मोकळी झाली. अमेरिकेने घरी बसूनही तिसरा क्रमांकच मिळवला असता. तेव्हा शेवटी जिंकले की हरले यावर पदकाची किंमत ठरत नाही. ती ठरते, ज्याच्याशी तुलना होऊ शकत होती त्याच्याशी ती प्रत्यक्ष झाली का, यावर.

या विचाराला ज्याने गणिताची धार दिली तो माणूस क्रीडालेखक नव्हता. ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवलेले चार्ल्स डॉजसन, म्हणजे ‘ॲलिस’चे लेखक लुईस कॅरॉल, यांनी 1883 मध्ये लॉन टेनिसच्या बक्षिसांवर एक छोटी पुस्तिका काढली. त्यांना डिवचले होते एका खेळाडूच्या गाऱ्हाण्याने. तो लवकरच्या फेरीत हरला, आणि आपल्यापेक्षा कमी दर्जाचा गडी दुसरे बक्षीस घेऊन जाताना त्याला मुकाट पाहावे लागले. डॉजसन यांनी कागद-पेन्सिल घेतली. बाद पद्धतीच्या स्पर्धेत 32 खेळाडू असतील आणि चांगला नेहमी कमी चांगल्याला हरवतो असे धरले, तर पहिले बक्षीस योग्य माणसाला जाते. पण दुसऱ्या क्रमांकाच्या खऱ्या हक्कदाराला दुसरे बक्षीस मिळण्याची शक्यता 31 पैकी फक्त 16. उत्कृष्ट चौघांना आपापली योग्य बक्षिसे मिळणे तर इतके दुर्मीळ, की न मिळण्याची बाजू बारास एक अशी. कारण साधे आहे. दुसरा सर्वोत्तम खेळाडू पहिल्याच्याच अर्ध्या तक्त्यात पडला, तर तो अंतिम फेरीआधीच गारद होतो, आणि रिकाम्या अर्ध्यातून वर आलेला कोणीतरी उपविजेता म्हणून मिरवतो. डॉजसन यांनी सुचवलेली पद्धत किचकट होती. ज्याच्यापेक्षा तिघे वरचढ सिद्ध झाले त्यालाच बाद करायचे, तोवर प्रत्येकाला खेळू द्यायचे. कोणी ती उचलली नाही, हे सांगायला नकोच. टेनिसवाल्यांना स्पर्धा संपवायची घाई होती आणि आहे.

चार संघांवर हे गणित करून पाहा. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या, तर पहिले दोन श्रेष्ठ संघ उपांत्य फेरीतच समोरासमोर येण्याची शक्यता तीनात एक. तसे झाले, की दुसऱ्या क्रमांकाचा संघ तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात ढकलला जातो आणि त्याच्याहून कमी ताकदीचा संघ रौप्यपदक घेऊन जातो. म्हणजे ज्याला आपण उरल्यासुरल्यांचा सामना म्हणतो, त्यात स्पर्धेतला दुसरा उत्तम संघ असण्याची शक्यता चांगलीच असते. तो सामना रद्द केला तर त्या संघाला आपली जागा दाखवायची शेवटची संधीही जाते. इथवर आलो की वादाचे तोंडच फिरते. कांस्यपदक ज्याला मिळाले त्याने दुसऱ्या दावेदाराला प्रत्यक्ष हरवलेले असते. रौप्यपदक ज्याला मिळाले तो फक्त शेवटचा सामना हरलेला असतो, आणि त्याची कांस्यवाल्याशी गाठ पडलेलीच असते असे नाही. टोकियोतल्या महिला हॉकीत अर्जेंटिना आणि ग्रेट ब्रिटन वेगवेगळ्या गटांत होते. संपूर्ण स्पर्धेत ते एकमेकांविरुद्ध खेळलेच नाहीत. दोघांनीही भारताला हरवले, दोघांनाही नेदरलँड्सने हरवले. तरी एक दुसरा आणि एक तिसरा ठरला, तो नेदरलँड्स कोणाला आधी भेटले यावरून. शंकेखोरांनी शंका घ्यायचीच असेल तर ती रौप्यावर घ्यावी. कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून शत्रूला भलत्या दिशेला धावायला लावल्याची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यावरचा सगळा वाद हे तसले पलिते आहेत, आणि त्यांच्या उजेडात रौप्यपदक दुसऱ्या वाटेने निसटून जाते.

यावर कोणी म्हणेल, खेळ म्हणजे क्रमवारीचा हिशेब नव्हे. कमी ताकदीचा संघ जिंकतो म्हणूनच आपण पाहतो. मान्य. पण मग तो आक्षेप तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यावर का? तिथेही उलटफेर होतातच. टोकियोला शेवटच्या सहा सेकंदांत जर्मनीला मिळालेला पेनल्टी कॉर्नर गोलरक्षक श्रीजेशने अडवला तो क्षण औपचारिक सामन्यात येत नाही.

व्हॅन गाल यांचा क्रूरतेचा मुद्दा उरतो, आणि तो भारी आहे. खडकीचे धनराज पिल्ले 2002 मध्ये कोलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत स्पर्धेतले सर्वोत्तम खेळाडू ठरले; त्याच स्पर्धेत भारत तिसऱ्या क्रमांकासाठी पाकिस्तानकडून 3-4 हरला. 2003 मध्ये तसेच, 2004 मध्ये लाहोरला पुन्हा तसेच. सलग तीन वर्षे, सलग तीन वेळा, एकाच शेजाऱ्याकडून. चौथ्या क्रमांकाची सवय लागणे म्हणजे काय ते या संघांना विचारावे. टोकियोत महिला संघ ग्रेट ब्रिटनविरुद्ध 0-2 वरून 3-2 असा पुढे जाऊन अखेर 3-4 हरला, तेव्हा मैदानावरचे अश्रू सगळ्या देशाने पाहिले.

पण ते पाहिले, हेच महत्त्वाचे. महिला हॉकी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली ती 1980 ला मॉस्कोत. सहा संघांची साखळी स्पर्धा, उपांत्य फेरी नाही, तिसऱ्या क्रमांकाची लढत नाही. भारताने दोन सामने जिंकले, विजेत्या झिंबाब्वेला 1-1 असे रोखले आणि कांस्य मिळवलेल्या सोव्हिएत संघापेक्षा अवघ्या एका गुणाने मागे राहून चौथा क्रमांक घेतला. त्या संघात पुण्याच्या एलायझा नेल्सन होत्या, ज्यांनी दोनच वर्षांनी दिल्लीत आशियाई सुवर्णपदकाचे नेतृत्व केले. मॉस्कोचा तो चौथा क्रमांक आज पुण्यात किती जणांना ठाऊक आहे? आणि टोकियोचा चौथा क्रमांक विसरलेला माणूस शोधून दाखवा. दोन्ही वेळी पदक हुकले. फरक इतकाच, की एकदा ते गुणतक्त्यात हुकले आणि एकदा सामन्यात. ज्या क्रूरतेतून खेळाडूंना वाचवायचे म्हणतात, तिच्यामुळेच राणी रामपालच्या टोकियोतल्या संघाला घराघरात जागा मिळाली. मॉस्कोच्या मुलींना गुणतक्त्याच्या सौम्यपणाने काही दिले नाही.

सामना नकोच असेल तर मग पर्याय काय असावा, याचा एक नमुना आपल्याच अंगणात आहे. 2010 च्या आयपीएलमध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तिसऱ्या क्रमांकासाठी बंगळूरु आणि डेक्कन चार्जर्स खेळले होते. चॅम्पियन्स लीगची जागा त्यावर होती. पुढच्याच वर्षी तो सामना गेला आणि त्याच्या जागी नवी रचना आली. साखळीतले पहिले दोन संघ आपसांत खेळतात आणि हरणाऱ्याला अंतिम फेरी गाठायची दुसरी संधी मिळते. लोक म्हणतात तिसऱ्या क्रमांकाचा सामना रद्द झाला. तो रद्द झाला नाही, अंतिम सामन्याच्या आधी सरकला, आणि त्यातल्या विजेत्याला कांस्याऐवजी अंतिम फेरी मिळू लागली. डॉजसन यांना हवे होते त्याच्या बरेच जवळ जाणारे हे काम क्रिकेटच्या व्यापाऱ्यांनी केले, प्रेक्षक आणि जाहिरातींचे दिवस वाढवण्यासाठी का होईना.

हॉकीत हे करायचे तर गटांची आणि बाद फेऱ्यांची आजची मांडणी मोडावी लागेल, दोन-तीन दिवस वाढतील, आणि ऑलिंपिकच्या वेळापत्रकात ते दिवस कोणी देणार नाही. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने विश्वचषकात तरी ही रचना आणावी, मग तिसऱ्या क्रमांकाची वेगळी लढत बंद झाली तर माझी हरकत नाही. तोवर रौप्यपदकाला जे प्रश्न विचारले जात नाहीत ते कांस्याला विचारणाऱ्यांनी आधी टोकियोचा गुणतक्ता घेऊन बसावे आणि अर्जेंटिनाने ग्रेट ब्रिटनला कधी हरवले ते मला सांगावे.